घाटावरच्या माणसाला गलबत कशाला?

गेल्या वर्षी शाळेच्या सहलीची बैठक भरली तेव्हा मी एक सूचना मांडली. पोरांना कोरलईचे दीपगृह दाखवावे, रेवदंड्याच्या खाडीतले मचवे दाखवावेत आणि येता येता मुंबई बंदरात शिडाचे एखादे जहाज आले असल्यास तेही दाखवावे. बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग हशा पिकला. आमचे एक सहकारी, मोठे व्यवहारी गृहस्थ, म्हणाले, "गुरुजी, बत्ती बघायला दोनशे किलोमीटर? आळेफाट्यावर काय दिवे कमी आहेत?" सहल अखेर पाण्याच्या बागेत गेली. तिथे सिमेंटच्या हौदात यंत्राने लाटा काढतात. पोरे भिजली, खूष झाली, सर्दी घेऊन परत आली.

पोरांच्या आनंदाशी माझे भांडण नाही. माझे भांडण त्या हशाशी आहे.

त्या हशामागे एक समजूत आहे, आणि ती घाटावरच्या घरोघरी नांदते. समुद्र कोकणातल्या माणसांचा. आपण कांदा पिकवावा, टोमॅटो नारायणगावच्या बाजारात न्यावा, आषाढीला पंढरीची वाट धरावी, आणि खारे पाणी दिसलेच तर पायजमा वर करून घोटाभर पाण्यात उभे राहून फोटो काढावा. गलबत, शीड, डोलकाठी हे शब्द आपल्या पोरांना शब्दकोड्यापुरते पुरेत!

बरे तर. आळ्याहून जुन्नरला जा, तिथून नाणेघाट गाठा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे आपण पोरांना सांगतो. पण ती नाणी कशाची, हे सांगताना आपली जीभ अडखळते. सातवाहनांच्या काळी सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने वर चढत होता. शिवनेरीच्या नि मानमोडीच्या लेण्यांत ज्यांनी दाने दिली, त्यांतले तिघे स्वतःला 'यवन' म्हणवतात. इरिल नावाच्या एका यवनाने तर पाण्याच्या दोन टाक्या खोदवल्या. ही माणसे काय बैलगाडीतून उतरली होती? त्यांना या किनाऱ्याला आणले ते शिडांनी. आमच्या तालुक्याचे जुने वैभव मोसमी वाऱ्यावर तरून आलेले आहे, आणि त्याच तालुक्यातला मास्तर गलबताचे नाव काढताच हसतो!

आणि शिवनेरी? तिथे १६३० साली जन्मलेले मूल पुढे काय करते? १६६४ साली मालवणच्या पाण्यात सिंधुदुर्गाचा पाया घालते. १६७९ साली इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या नाकावर टिच्चून खांदेरी बांधायला घेते. मायनाक भंडाऱ्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात, इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून, बेटावर रसद पोचवीत राहिल्या. घाटावरच्या माणसाला समुद्र कशाला, हा प्रश्न आमच्या व्यवहारी गृहस्थांनी त्या वेळी शिवनेरीवर जाऊन विचारायला हवा होता.

दुसरा आक्षेप शिकलेल्या मंडळींचा. आता उपग्रह आहेत, खिशातला फोन वाट दाखवतो. दीपगृह म्हणजे म्हातारी आजी आणि शिडाचे जहाज म्हणजे नाटकातला पोशाख. तसे असेल तर आपल्या नौदलाला कुणीतरी कळवायला हवे. 'तरंगिणी' हे तीन डोलकाठ्यांचे जहाज गोव्यात बांधले आणि १९९७ साली नौदलात आले. २००३-०४ मध्ये ते शिडांवर पृथ्वीला वळसा घालून आले. आजही तिथे शिकाऊ अधिकारी दोरांवर चढतात, परबाणावर ओणवे होऊन शीड गुंडाळतात. वारा कुठून येतो हे गालाला कळावे लागते, ते पडद्यावर वाचून भागत नाही, म्हणून हा खटाटोप. दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जगप्रदक्षिणा करून आले. २०२५ साली नौदलात दाखल झालेले 'कौंडिण्य' तर खिळ्यांनी ठोकलेले नाही, काथ्याने शिवलेले आहे. आणि त्याचा नमुना कुठून घेतला? अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून! अजिंठाही घाटावरच येते, हे भूगोलाच्या शिक्षकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

पण उपयोगाच्या तराजूत मी फार वेळ बसणार नाही. खरे सांगायचे तर मला ते आवडते. एकदा गेटवेच्या कठड्यापाशी उभा असताना तरंगिणी दिसली. सगळी शिडे उघडलेली नव्हती. तरी तिच्या त्या तीन काठ्या आणि दोरांचे जाळे पाहून माझ्या हातातला चहा निवला. कोरलईला दीपगृहावर चढलो तेव्हा तिथल्या माणसाने दिव्याचे काम समजावून दिले. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या कड्यांची अशी मांडणी शोधली, की चोहीकडे उधळणारा उजेड एका पट्ट्यात गोळा व्हावा. १८२३ साली त्याचे भिंग कॉर्दुआनच्या दीपगृहावर प्रथम बसले. दिवा लहानसाच, पण कोसच्या कोस दिसतो. आणि प्रत्येक दीपगृहाचा ताल वेगळा. किती सेकंदांनी, किती वेळा चमकतो, यावरून तांडेल अंधारात म्हणतो, हा अमुक, तो तमुक. उजेडाला नाव असते, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. मॅट्रिकपर्यंतच्या एकाही पुस्तकात ते नव्हते.

आता थोडे सरकारशी. २०२४ साली देशातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटकांच्या सोयी झाल्याचे जाहीर झाले, त्याचा आनंदच आहे. मात्र सोय म्हणजे उपाहारगृह आणि फोटोची कमान एवढेच असेल तर ती पाण्याची बागच झाली, फक्त तिकीट स्वस्त. अनेक दीपगृहे संध्याकाळी तासभर उघडतात. घाटावरून निघालेली शाळेची गाडी त्या एका तासात कशी पोचायची? उपाहारगृहाऐवजी सकाळचे दोन तास द्या, आणि भिंग समजावून सांगणारा एक माणूस द्या. आमची पोरे डबा घरून आणतील.

आमच्या आळ्यात वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. त्या गावातल्या पोरांना समुद्राची अक्षरे शिकता येणार नाहीत, असे निदान मला तरी कुणी सांगू नये.

दिवाळीत गल्लीतली पोरे किल्ले करतात. शिवनेरी, राजगड, प्रतापगड. मातीचा डोंगर, त्यावर अळीव पेरलेला. गेल्या दिवाळीला सातवीतल्या एका मुलीने मोठी परात मागून आणली, तीत पाणी भरले, मधोमध मातीचे बेट केले. खांदेरी. तटाच्या आत काड्यापेटीवर काड्यापेटी रचून दीपगृह उभे केले, वर सेलवरचा बल्ब. १८६७ साली तिथे दीपगृह उभे राहिले, एवढे तिला मी वर्गात सांगितले होते. कागदाच्या होड्या परातीत सोडून झाल्यावर तिने विचारले, "गुरुजी, खांदेरीचा दिवा किती सेकंदांनी चमकतो? मला तसाच लावायचाय."

मला सांगता आले नाही. मास्तरकीत असे प्रसंग पुष्कळ येतात, पण हा जिव्हारी लागला.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही थळच्या किनाऱ्यावर जाणार आहोत. तिथून समोर खांदेरी दिसते. रात्री वाळूत बसायचे, घड्याळ हातात धरायचे आणि मोजायचे. ती मुलगी, तिचे आईवडील, आणखी दोन पोरे आणि मी. गाडीत सात जागा आहेत. सातवी जागा आमच्या व्यवहारी गृहस्थांनी धरून ठेवायला सांगितली आहे. फक्त बैठकीत हे काढू नका म्हणाले.