लादी ओली करून बघावी

तर झालं असं, की बाथरूमची फरशी बदलायला दुकानात गेलो आणि सगळे चकाकीवरच भाळलो. पांढरीशुभ्र टाइल, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब! आईने मात्र चप्पल काढली आणि म्हणाली, "जरा पाणी ओत बघू." बाटलीतलं ओतलं. तिचा पाय सरकलाच; नशीब, मी हात धरला होता.

तेव्हापासून माझं स्पष्ट मत आहे, बाथरूमची लादी कोरडी बघून घेऊच नये. मॅट, खरखरीत घ्यावी. तिच्यात मळ बसतो, मान्य. घासावी लागते (मीच घासतो, सांगून ठेवतो). पण सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या खुब्याचं हाड मोडलं तर...

बसवतानाही जवळ उभं राहा. आमचा मिस्त्री चार कोपऱ्यांत सिमेंटचे गोळे ठेवून वर टाइल दाबत होता. नाण्याने ठोकलं तर मधे पोकळ आवाज. अशी लादी पुढे बादली आपटली की तडकते. दोन रांगा काढायला लावल्या, दिवसभर बोलला नाही माझ्याशी. उताराला मात्र त्याचा हात चांगला. बादलीभर पाणी ओतलं, सरळ जाळीकडे गेलं.

आणि हो, एकाच बॅचचा एक खोका जास्त घ्या, नंतर तीच शेड मिळत नाही. आमचा पलंगाखाली आहे.