नत्राचा कारभारी

घरात गव्हाची कणगी भरलेली असताना बाजारातून आणखी पोते घेऊन येणाऱ्या यजमानाला गृहिणी काय म्हणेल, ते छापण्याजोगे नसते. जंतूंच्या घरीही हाच कायदा चालतो. तिथल्या कारभाऱ्याचे नाव पी-टू. नाव अगदीच रुक्ष! १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अर्ल स्टॅडमन यांच्या प्रयोगशाळेत जंतूंतली प्रथिने गाळून वेगळी करताना आलेखावर जे दुसरे शिखर उमटले, त्यात हे सापडले, म्हणून पी-टू. बारसे घाईत उरकले की असेच व्हायचे.

या कारभाऱ्याची आठवण झाली ती बोरी अरबच्या माझ्या मावसभावामुळे. यवतमाळ जिल्ह्यातल्या काळ्या मातीत त्याचे कपाशीचे वावर. यंदा त्याने सरकीला अ‍ॅझोटोबॅक्टरचे जिवाणूखत चोळले आणि वरून युरियाही सढळ हाताने दिला. “दादा, हवेतलं नत्र अन् पोत्यातलं नत्र, दोन्ही भेटन ना?”

आता जंतूचा हिशेब पाहा. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला त्याला शक्तीची निदान १६ नाणी, म्हणजे एटीपीचे १६ रेणू, मोजावे लागतात. हा महागडा सौदा करायचा की नाही, हे पी-टूच्या घराण्यातले प्रथिन ठरविते. ई. कोलाय जंतूच्या पी-टूची रचना कॅनबेराच्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साह्याने उलगडून १९९४ साली प्रसिद्ध केली. ११२ अमिनो आम्लांची एक माळ. अशा हुबेहूब तीन माळा एकमेकींना बिलगलेल्या, आणि प्रत्येकीचे एक बोट बाहेर काढलेले. सारी करामत त्या बोटांत! नत्राची टंचाई असली की बोटावर एक रासायनिक टोपण चढते. सुबत्ता आली, पेशीत ग्लुटामाइन साठले, की टोपण उतरते. अ‍ॅझोटोबॅक्टरमध्ये हे उघडे बोट निफ-एल नावाच्या प्रथिनाला धरते, निफ-एल निफ-एला गप्प बसविते, आणि नत्राचा कारखाना उभारणारी जनुके थंडावतात.

म्हणजे युरियाचा अमोनिया मुळाशी पोचला की आमच्या बंधुराजांचे पाकिटातले मजूर बिनबोभाट रजेवर!

“मंग पाकिटाचे पैसे बुडाले म्हना!”

सगळे नव्हेत, हे जंतू मुळांना वाढीची काही द्रव्येही पुरवितात. पण युरिया एकदम न ओतता विभागून दे, एवढे मी त्याला बजावले.

शास्त्रज्ञांनी तर निफ-एलच काढून टाकलेले अ‍ॅझोटोबॅक्टर तयार करून पाहिले आहेत. ते पोट भरले तरी थांबत नाहीत, अमोनिया बाहेर सांडत राहतात. कपाशीला तो हवाच आहे. मात्र त्या सोळा-सोळा नाण्यांच्या उधळपट्टीत जंतूची स्वतःची वाढ खुंटते.