नाटकाचा खेळ आणि खेळातले नाटक

आपल्या भाषेत नाटकाला फार पूर्वीपासून ‘खेळ’ म्हणतात. कोकणात शिमग्याला अंगणात येतात ते नमन-खेळे. जुन्या नाटक मंडळ्याही आपल्या नाटकांचे ‘खेळ’च लावीत असत. पोरे पटांगणात खेळतात तोही खेळच. या दोन खेळांचे मूळ एकच आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते असे आम्हांस वाटते. हॅना निकलिन या ब्रिटिश लेखिकेने ही दोन्ही क्षेत्रे एकाच आयुष्यात जोडून दाखविली आहेत. त्या प्रायोगिक नाटके लिहून स्वतः रंगमंचावर सादर करीत आल्या, आणि व्हिडिओ गेमही रचीत आल्या.

व्हिडिओ गेमचे नाव काढताच घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही जाणतो. आजी मराठीत हाक मारते, नातू मोबाइलमधून मान वर करीत नाही. ही तक्रार खोटी नाही. पण त्या पडद्यावर काय असावे आणि ते कोणी रचावे, हा प्रश्न आपण अजून विचारलेला नाही. तो विचारावा म्हणूनच आजचा हा लेख.

निकलिनबाईंच्या नाटकांत राजवाडे नाहीत आणि खलनायकही नाहीत. २०१० नंतरच्या दशकात त्यांनी ‘वडिलांशी एक संभाषण’ अशा अर्थाच्या नावाचा एकपात्री प्रयोग केला. वडील पोलिसात नोकरी केलेले, मुलगी रस्त्यावरच्या निदर्शनांत उतरणारी. दोघे एकमेकांशी काय बोलले, हेच ते नाटक. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी स्वतः पोहणे, सायकल आणि धावणे अशा लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी शरीर कसे कसले, ते सांगितले. लफबरो विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला तोही खेळाने घडविलेले नाटक आणि नाटकाने घडविलेला खेळ असाच. म्हणजे नाटक सोडून त्या खेळाकडे गेल्या असे नव्हे. माणसाचे ऐकण्याची नाटकातली सवय घेऊनच त्या खेळात शिरल्या.

कोपनहेगन येथील ‘डी गूटे फाब्रिक’ या छोट्या संस्थेत त्यांनी काम केले. या संस्थेच्या २०१४ सालच्या खेळसंग्रहात एक खेळ असा आहे, की त्यात पडद्याकडे बघायचेच नसते. खेळाडूंनी हातात दिवा लागलेले यंत्र धरून, बाखच्या संगीताच्या लयीत हालचाल करीत, एकमेकांना चकवायचे. पुढे २०१९ मध्ये ‘म्युटाझिओने’ हा खेळ आला. निल्स डेनेकेन यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या खेळाचे लेखन निकलिनबाईंचे. काय नावाची पंधरा वर्षांची मुलगी आजारी आजोबांच्या शुश्रूषेसाठी एका बेटावर जाते. तेथील लोक उल्कापाताच्या जुन्या संकटातून वाचलेल्यांचे वंशज, रूपाने विचित्र, स्वभावाने तुमच्याआमच्यासारखे. खेळाडूने कोणाला गोळी घालायची नाही. माणसांशी बोलायचे, त्यांची जुनी दुखणी ऐकायची, आणि बागा लावायच्या. त्या बागांतून संगीत उमटते.

आजोबांचे बेट, नातीचे अर्धवट परके कान आणि न सांगितलेल्या कहाण्या! वाचकहो, यात आपल्याला काही ओळखीचे वाटत नाही काय?

निकलिनबाई पुढे त्या संस्थेच्या प्रमुख झाल्या. २०२३ मधला त्यांचा ‘सॉल्टसी क्रॉनिकल्स’ हा खेळ महापुरानंतरच्या जगात, एका द्वीपसमूहात घडतो. जहाजाची कप्तान नाहीशी झाली आहे आणि खलाशी तिला शोधत बेटाबेटांवर फिरतात. येथे खेळाडू एका नायकाचे सोंग घेत नाही. तो साऱ्या खलाशांच्या वतीने ठरवितो की आज किनाऱ्यावर कोणी उतरावे, कोठे जावे. एकटा शूरवीर जग वाचवितो, ही व्हिडिओ गेममधली नेहमीची गोष्ट येथे बाजूला ठेवली आहे. २०२० मध्ये वाकाशिओ जहाजाचे तेल आपल्या आग्नेय किनाऱ्यावर पसरले, तेव्हा उसाच्या पाचटाचे लांबच लांब बांध गावोगावच्या हातांनी शिवले. बेटावरची माणसे संकटात कशी वागतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढच्या कामासाठी पैसा न मिळाल्याने २०२४ च्या आरंभी या संस्थेला निर्मिती थांबवावी लागली. चांगले काम झाले म्हणजे पोट भरतेच असे नाही. कामावरून परतल्यावर रात्री तालमी करणाऱ्या आणि उसनवारीच्या पोशाखात रंगमंचावर उभे राहणाऱ्या आपल्या नटमंडळींना याचा अनुभव आहे. म्हणून मुलांना आम्ही ‘नोकरी सोडा आणि गेम करा’ असा सल्ला देणार नाही.

पण एक गोष्ट आज करता येण्याजोगी आहे. आपल्या मराठी नाट्यस्पर्धांत प्रेक्षागृहात बसतात ते बहुधा नटांचे नातेवाईक. तरुण मुले येतात ती आईवडिलांच्या आग्रहाने, आणि अंधारात त्यांचे मोबाइल उजळतात. आपण त्यांना फक्त बघायला बोलावतो. आपल्या झाकरीचा फेर मात्र बघ्यालाही आत ओढतो. नाटकमंडळींनी येत्या वर्षी तालमीबरोबर एक कोपरा या मुलांना द्यावा. त्यांनी आजी-आजोबांकडे जाऊन उसाच्या शेतातल्या, जुन्या वस्तीतल्या गोष्टी टिपून घ्याव्यात आणि त्यातून एक लहानसा मराठी खेळ रचावा. ट्वाइन नावाचे साधन विनामूल्य मिळते. त्यात नुसत्या शब्दांनी, वळणावळणाच्या कथेचा खेळ बांधता येतो; त्यासाठी संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. लागते ती मराठी, आणि ती आजीपाशी आहे.

अशा खेळात नातवाला पुढचे वळण घ्यायचे, तर आजी काय म्हणाली हे समजून घ्यावेच लागेल. ‘मराठी बोल’ असे शंभर वेळा सांगून जे झाले नाही, ते कदाचित असे होईल. मोबाइल हिसकावून घेतल्याने आजीची हाक नातवाच्या कानी पडेल. तिला उत्तर मात्र तो या वाटेनेच देईल, असा आम्हांस विश्वास वाटतो.