साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या समाजाने इतकी मनावर घेतली आहे की, घरातील वडीलधाऱ्या माणसास विसर पडू लागला, तर तो आजार असू शकेल अशी शंकाही कोणास येत नाही. त्या माणसास दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल, तर ही बेफिकिरी फारच महाग पडते. मधुमेहाने डोळे अधू होतात, मूत्रपिंडे निकामी होतात, हे आता भंडाऱ्याच्या बाजारातही ठाऊक आहे. परंतु मेंदूस रक्त पुरविणाऱ्या वाहिन्याही त्याच तडाख्यात सापडतात व मधुमेह्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतरांहून अधिक आढळते, ही गोष्ट अद्याप घरोघर पोचलेली नाही. देशात मधुमेही १० कोटींवर आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते.

रक्ताच्या थेंबावरून मेंदूची अवस्था जाणण्याचे शास्त्र आता पुष्कळ पुढे गेले आहे. अल्झायमरच्या निदानास साहाय्य करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. पी-टाऊ २१७ नामक प्रथिनाचे मापन हा तिचा एक आधार. ही प्रगती अभिनंदनीयच होय. मात्र ती चाचणी लक्षणे दिसू लागलेल्यांसाठी आहे. शिवाय मूत्रपिंडे दुबळी झाली की हे प्रथिन रक्तात वाढते, आणि जुन्या मधुमेह्याची मूत्रपिंडे दुबळी असणे हे काही नवल नव्हे. तेव्हा नागपूरला जाऊन महागडा कागद आणला म्हणजे निदान झाले, असे कोणी समजू नये.

आकडा फसवितो कसा, हे भंडारा जिल्ह्याने तर अधिकच जाणले पाहिजे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तांबडी पेशी साधारणतः १२० दिवस जगते, या गृहीतावर ‘तीन महिन्यांची साखर’ सांगणारी एचबीए१सी चाचणी उभी आहे. सिकलसेलच्या रुग्णात त्या पेशी लवकर मरतात व आकडा खोटाच कमी दिसतो. नुसते वाहक असणाऱ्यांतही काही यंत्रांवर तो चुकतो. साखर आटोक्यात आहे अशा समजुतीत वर्षे जातात आणि इजा चालूच राहते.

उलट, साध्या चाचण्यांनी सापडणारी व उपचाराने सुधारू शकणारी विस्मृतीही आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ब१२ जीवनसत्त्व घटते. थायरॉइडही मंदावलेले असू शकते. सर्वांत घातक प्रकार असा की, गोळी घेतल्याचे विसरून माणूस ती पुन्हा घेतो, साखर एकदम उतरते, आणि असे झटके वारंवार आले की स्मृती आणखी ढासळण्याचा धोका वाढतो. या चक्राची तक्रार रुग्ण करीत नाही, कारण ते त्याच्या ध्यानातच राहत नाही.

आशा कार्यकर्तीच्या तपासणी-तक्त्यात, जवळच्यांची नावे वा घरचा पत्ता विसरता काय, असा प्रश्न वृद्धांसाठी आहे. पत्ता विसरेपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर होय. मधुमेहाच्या प्रत्येक वृद्ध रुग्णाची स्मरणशक्ती वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रातच तपासावी, त्याच्या कार्डावर सिकलसेलची नोंद साखरेच्या आकड्याशेजारी असावी, आणि घरी गेलेल्या कार्यकर्तीने ‘गोळ्या कोण देते?’ एवढे आवर्जून विचारावे, अशी आमची जिल्हा आरोग्य यंत्रणेस सूचना आहे. ‘मीच घेतो’ असे उत्तर आले, तर त्याच वेळी गोळ्यांची पाकिटे मोजून पाहावीत.