‘पार’चा शेवट : टाळ्या कुणाला वाजवता?

गौतम घोषचा ‘पार’ १९८४ चा. समरेश बसूंच्या बंगाली कथेवरून काढलेला. त्याच्या शेवटावर पांढरपेशे समीक्षक अजून गहिवरतात. माणसाची जिद्द म्हणे. जीवनाचा विजय म्हणे. साला, विजय झाला कुणाचा ते तरी सांगा!

नौरंगिया बिहारातला भूमिहीन दलित, रमा त्याची गरोदर बायको. कलकत्त्यात काम नाही. गावी परतायला गाडीभाडं पाहिजे. म्हणून डुकरांचा कळप नदीतून पलीकडे न्यायचं काम दोघं पत्करतात. पोहत, हाकत, बुडता बुडता काठ गाठतात. रमाला वाटतं, पोटातलं मेलं. नौरंगिया तिच्या पोटाला कान लावतो. जिवंत आहे. पिक्चर खलास. नसीरुद्दीन शाहला व्हेनिसचं बक्षीस मिळालं, शबाना आझमीला राष्ट्रीय. कामं दोघांचीही जबर, ते कोण नाकारतो.

पण त्या कान लावण्याला आशा म्हणू नका. गोदीत वरून माल सुटून माणूस खाली गावला, की आम्ही आधी त्याच्या नाकाशी हात धरतो. श्वास चालू आहे का बघतो. चालू असला तर एवढंच कळतं की हा मेला नाही. मुकादमाच्या वहीत त्यानं काही फरक पडत नाही.

मला सलतं ते वेगळंच. त्या एवढ्या पाण्यात दोघंच का?

गावात ही माणसं एकटी नव्हती. वस्ती होती. कायद्यानं ठरलेली मजुरी मागा, असं सांगणारा मास्तर होता. मास्तरला मारलं. मग जमीनदाराचा भाऊ पडला. मग वस्ती पेटवली. आगीत झोपड्या जळतात तसा शेजारही जळतो, आणि शेजार तुटलेला माणूस बाजारात स्वस्त मिळतो. ‘एवढ्या पैशात नाही जमणार’ म्हणायला पाठीशी चार माणसं लागतात. नौरंगियाच्या पाठीशी कोण होतं? पोटुशी बायको. म्हणून तो पाण्यात. १९७७ चं बेलछी आठवा. १९७८ ला नामांतराच्या नावानं मराठवाड्यात जळलेल्या आपल्या वस्त्या आठवा. तिथून उठून शहराच्या कडेला पथारी टाकलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

घोषबाबूंनी आग दाखवली, धाडसानं दाखवली. पण आगीनंतर कॅमेरा या दोघांच्या मागं गेला आणि वस्ती मागंच राहिली. दोघांसाठी रडणं सोपं असतं, बाबांनो. रडणाऱ्याकडे ते दोघं मजुरी मागत नाहीत. पन्नास जण मजुरी मागत शेवटच्या दृश्यात उभे राहिले असते, तर बाल्कनीतल्या किती जणांनी रुमाल काढला असता?

गाडीभाडं सुटलं असेल नौरंगियाचं. तिकीट गावचंच काढणार तो. तिथं जमीनदार आहेच, मजुरीचा सवालही आहेच. मला पिक्चर तिथून पुढचा बघायचा होता. स्टेशनावर उतरल्यावर त्याला पहिला कोण भेटतो, वस्तीतलं कुणी की जमीनदाराचा माणूस?