मोती तोच, मालक दुसरा

मंडळाच्या मागील बैठकीत एक प्रस्ताव टाळ्यांच्या गजरात संमत होता होता राहिला. कपडे व फरशी धुण्याची द्रव्ये बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपल्या भागातला एक छोटा कारखाना नुकताच विकत घेतला आहे. त्याप्रीत्यर्थ कंपनी येत्या नर्मदा जयंतीला मंडलेश्वरच्या घाटावर महाशीर माशाची बोटुकली सोडणार, फलकावर मंडळाचे नाव झळकणार आणि चहा-पोह्यांचा खर्चही कंपनीच करणार. आम्ही काही सभासदांनी एवढेच विचारले, की मासा नेमका कोणता आणि तो आणणार कुठून? त्यावर "चांगल्या कामात खोडा घालणारे" अशी आमची संभावना झाली. म्हणून हा लेखप्रपंच.

वाचकहो, नरक चतुर्दशीच्या पहाटे आपल्या घरोघरी ज्या मोती साबणाचा वास दरवळतो, तो साबण कोणाचा? आमच्या घरातली वडीलधारी मंडळी आजही ठामपणे "टाटांचा" म्हणतात. होता, तो टाटांचाच. टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को, ही १९१७ साली स्थापन झालेली कंपनी. हमाम, ५०१, मोती ही तिची मालमत्ता. १९९३ साली ती हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. टॉम्कोच्या १५ शेअरमागे लिव्हरचे २, असा हिशेब ठरला. कामगार संघटना आणि काही भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये हरले. आक्षेप होते ते शेअरच्या मोलाचे, कामगारांच्या भवितव्याचे, ग्राहकाच्या खिशाचे. ज्या नदीत साबणाचे पाणी जाते, तिच्या वतीने कोणी उभे राहिल्याचे त्या निकालात दिसत नाही. वेष्टनावरचे नाव तसेच राहिले, आतला मालक बदलला आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागला नाही.

हे साबणपुराण माशाच्या लेखात कशाला? कारण कावेरीत पाण्याखाली अगदी हेच घडले.

कावेरीचा स्वतःचा एक महाशीर आहे. पाठीला कुबड, पर नारिंगी आणि आकार असा, की १९४६ साली कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी गळाला लावलेला मासा १२० पौंड, म्हणजे ५४ किलो भरला होता. या नदीत १९७० च्या दशकापासून बाहेरची बोटुकली सोडली गेली. ती होती निळसर परांच्या खुद्री महाशीरची आणि त्यांचे उगमस्थान होते लोणावळ्याचे टाटांचे मत्स्यबीज केंद्र. हेतू चांगलाच होता. नदीत "महाशीर" वाढलेही. गळाने मासा धरून पुन्हा सोडणारे हौशी लोक खूश, खाते खूश. पुढे अभ्यासकांनी या हौशी मंडळींच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा कळले की वाढला तो पाहुणा आणि आटला तो घरचा. २०१८ मध्ये कुबड्या महाशीरची नोंद जागतिक लाल यादीत "अतिसंकटग्रस्त" म्हणून झाली. आज त्याचा उरलासुरला आधार मुख्यतः मोयार नदीचा. महाशीर हे नाव शाबूत राहिले, पण नदीतला मासा बदलला होता.

बँकेत काऊंटरवर बसणाऱ्याला हे लवकर समजते. खात्यावरची एकूण शिल्लक वाढली म्हणून कोणी पाठ थोपटत नाही. पैसा कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात गेला, हे आधी बघतात.

आम्ही लोणावळ्याच्या कामाला कमी लेखत नाही. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले या आपल्याच मराठी माणसांनी १९७० च्या सुमारास महाशीरचे कृत्रिम प्रजनन साधले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. खुद्री पूर्वी संकटग्रस्त गणला जाई. आता तो "कमी चिंतेच्या" वर्गात आल्याचे टाटा पॉवरने २०२० मध्ये जाहीर केले. पण वहीची दुसरी बाजूही उघडूया. खुद्री हे नाव साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये शास्त्राच्या दप्तरात नोंदले, ते आपल्या लोकांच्या तोंडून ऐकून, पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या माशावरून. त्याच मुळेचे पाणी मुळशीच्या धरणाने अडवून विजेसाठी कोकणात उतरवले गेले. शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी सेनापती बापट तिथे लढले. नदीचे पाणी वळवायचे आणि धरणाच्या तळ्याकाठी तिचा मासा हौदात वाढवायचा, यातली जमा रक्कम दरवर्षी समारंभाने जाहीर होते. नावेची बाजू कोणी वाचून दाखवत नाही.

आता आपल्या नर्मदेकडे या. इंदूर १९७८ पासून जलूदहून उचललेले नर्मदेचे पाणी पीत आहे, म्हणजे हा विषय आपल्या माठातला आहे. नर्मदेचा महाशीर वेगळा. शास्त्रात त्याला टॉर टॉर म्हणतात, मासेमार बाडस म्हणतात. मध्य प्रदेश शासनाने २०११ मध्ये महाशीरला राज्यमासा घोषित केले. त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, अंडी घालायला गोटे-वाळूचा तळ लागतो आणि पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर जाण्याची वाट लागते. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर धरणांनी ही वाट बंद केली आणि वाहत्या नदीची तळी केली. अशा ठिकाणी बोटभर पिल्ले ओतून फोटो काढला, म्हणजे बुडीत कर्जावर नवे कर्ज दिले! त्यातून ती पिल्ले दुसऱ्याच खोऱ्यातली निघाली, तर उरल्यासुरल्या बाडसाच्या घरात आपणच कब्जेदार घुसवला असे होईल.

कोणी म्हणेल, मग काहीच करू नये काय? महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. तिथे गावकरी मासा धरत नाहीत, लाह्या-चुरमुरे टाकतात आणि महाशीर तिथे पिढ्यानपिढ्या टिकला आहे. ना मत्स्यबीज केंद्र, ना प्रायोजक. नर्मदेवर डोह काय कमी आहेत? एक डोह राखायला गावाची संमती लागते, जाळे आणि सुरुंग रोखणारे चार लोक लागतात, आणि काठावर साबणाने कपडे धुण्याला मनाई करण्याची हिंमत लागते. ही शेवटची अट घातल्यावर देणगीदार कंपनीचा चेहरा कसा होतो, ते आम्हाला पाहायचे आहे.

येत्या बैठकीत आम्ही तीन प्रश्न लेखी देणार आहोत. बोटुकलीचे आई-बाप नर्मदेचेच आहेत, याचा दाखला कोण देणार? पाच वर्षांनी नदीतले वाढलेले मासे कोण मोजणार आणि त्याचा खर्च आजच कोणाच्या नावे जमा होणार? आणि विकत घेतलेल्या त्या कारखान्याचे सांडपाणी कोणत्या नाल्याला जाते, त्याच्या तपासणीचा कागद मंडळाला मिळेल काय? सही जुळल्याशिवाय आम्ही खातेदाराला शंभराची नोट देत नाही. मंडळाचे नाव फलकावर द्यायचे, तर एवढी पडताळणी तरी हवीच. कंपनीचे उत्तर आल्यास ते याच पानावर जसेच्या तसे छापावे, ही संपादक महोदयांना विनंती.