म्हणे रशियन पद्धत!

मार्कंड्याला बर्फ येतो तो महाशिवरात्रीच्या जत्रेत. गोळेवाला भुशात पुरलेली लादी काढतो, रंध्यावर किसतो, लाल-पिवळे पाणी शिंपडून गोळा पोराच्या हातात देतो, आणि पोरगा वैनगंगेच्या काठापर्यंत पोचतो न पोचतो तोच हातात नुसती काडी उरते. बर्फाशी आमचा संबंध एवढाच. तेव्हा अशा गावाजवळच्या शाळेतल्या, मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या मास्तराने दिवाळी अंकात रशियाच्या आइस हॉकीवर लिहावे, हे वाचकांना चकलीच्या पहिल्या घासालाच खटकेल. पण हा विषय मी शोधायला गेलो नव्हतो. तोच माझ्या अंगावर येऊन पडला.

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझ्या वर्गात आठवीला एक मुलगी होती. नाव सांगत नाही. नदीच्या वाळूत ती अनवाणी धावत असे. वाळूत धावणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. पाऊल रुतते आणि पोटऱ्या भरून येतात. ही पोरगी मात्र अशी जाई की मागे टाचेचा ठसा शोधावा लागे. तालुक्याच्या स्पर्धेत तिने दहावीच्या मुलींना मागे टाकले आणि एका निवासी शिबिरासाठी तिची निवड झाली. शिबिर कोठले व कोणाचे, हे मी लिहिणार नाही. एकाचे नाव घेतले की बाकीचे सुटतात. निवड झाली तेव्हा पेढे मीच वाटले आणि संमतीपत्रावर तिच्या बापाचा अंगठाही मीच घेतला, हे मात्र लिहिले पाहिजे.

शिबिर दिवाळीतही चालूच राहिले. पाडव्याच्या दिवशी सकाळी तिचा बाप माझ्या दारात उभा राहिला. हातात अनरशांची पुरचुंडी. आम्ही दोघे एस.टी.ने गेलो. फाटक बंद होते. थोड्या वेळाने प्रशिक्षक बाहेर आले. गृहस्थ वाईट नव्हते. तरुण, तरतरीत, गळ्यात शिट्टी. मला बाजूला घेऊन त्यांनी अगदी सौजन्याने समजावले.

"सर, घरचे माणूस दिसले की मुलांचे लक्ष उडते. महिन्याची मेहनत पाण्यात जाते. रशियाचा आइस हॉकीचा संघ वर्षातले अकरा महिने छावणीत राहायचा. म्हणून तर त्यांनी जग जिंकले. ही रशियन पद्धत आहे सर."

बाप ऐकत होता. रशिया कोणत्या दिशेला आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तो एवढेच म्हणाला, "गुर्जी, मले काई बोलाचं नाई जी. फक्त पोरीले पाहाचं हाय."

पुरचुंडी पहारेकऱ्याजवळ देऊन आम्ही परतलो. पौषात पोरगीही परतली. नळीचे हाड दुखते म्हणाली. ते दुखणे फाल्गुनात थांबले, पण ती पुन्हा धावली नाही.

ही रशियन पद्धत आहे तरी काय, म्हणून गेला सबंध पावसाळा मी तिच्या मागे लागलो. रोवणीच्या दिवसांत शाळेत हजेरी कमी, आणि मुलाच्या मोबाइलवर पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीचे सामने पाहायला मिळतात. जे हाती लागले त्याने मी आधी थक्क झालो आणि मग माझे डोके फिरले.

रशियात या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९४६ च्या डिसेंबरात झाली. महायुद्ध नुकतेच संपलेले, देश होरपळलेला. हिवाळ्यात बर्फ फुकट, पण उन्हाळ्यात आमच्या गोळेवाल्याजवळ असतो तितकाही नाही. पन्नाशीचे दशक निम्मे सरेपर्यंत मॉस्कोत कृत्रिम बर्फाचे धड मैदान नव्हते. अशा ठिकाणी सैन्याच्या संघाला शिकवायला अनातोली तारासोव नावाचा माणूस उभा राहिला. कॅनडा म्हणजे या खेळाची पंढरी. तिकडे जाऊन एकदा पाहून यावे, असे त्याला फार वाटे. त्याच्या गुरूने सांगितले, जाऊ नकोस, स्वतःचे डोके चालव. त्याने ते चालवले. बर्फ नाही तर मातीवर शिकवू, असे म्हणून त्याने खेळाडूंना कोलांट्या मारायला लावल्या, सोबत्याला पाठुंगळी घेऊन उड्या मारायला लावल्या, फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळायला लावले. तोल कसा सांभाळावा हे तो बॅले नाचणाऱ्यांकडे पाहून शिकला आणि डाव कसा रचावा हे बुद्धिबळावरून. लॉइड पर्सिव्हल नावाच्या कॅनडियन गृहस्थाने १९५१ साली या खेळावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या स्वतःच्या देशातल्या जाणत्यांनी ते हसण्यावारी नेले. तारासोवने शाळकरी पोरासारखे बसून त्याचा अभ्यास केला. आमच्या आट्यापाट्या त्याने पाहिल्या असत्या, तर पाटीवरची ती हुलकावणी त्याने नक्कीच उचलली असती, असे मला उगाचच वाटून गेले.

त्याची खेळाची कल्पनाही ध्यानात घेण्यासारखी आहे. कॅनडात ज्याच्याजवळ चकती तो नायक. तारासोवच्या संघात चकती सारखी या काठीवरून त्या काठीवर फिरत असे आणि उरलेले चौघे मोकळी जागा काढत धावत. कबड्डीत साखळी धरून पकड करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. परिणाम काय झाला? १९५४ साली स्टॉकहोमला रशियाचा संघ जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरला आणि कॅनडाला ७-२ असे हरवून अजिंक्य ठरला. पुढे अर्कादी चेर्निशोव आणि तारासोव या जोडीच्या हाताखाली १९६३ ते १९७१ अशी ओळीने नऊ वर्षे जगज्जेतेपद त्यांच्याकडेच राहिले. १९७२ च्या सप्टेंबरात मॉन्ट्रियलला कॅनडाच्या कसलेल्या धंदेवाईक खेळाडूंना त्यांनी पहिल्याच सामन्यात ७-३ ने लोळवले. ती आठ सामन्यांची मालिका शेवटी कॅनडाने जिंकली, पण जेमतेम. त्या वेळी तारासोव संघाबरोबर नव्हताच. त्याला बाजूला केले होते. खेळत होती ती मात्र त्याच्याच हाताखालची पोरे.

त्या पोरांतला सर्वांत लाडका वालेरी खार्लामोव. लहानपणी सांध्यांच्या तापाने हृदयाला धोका म्हणून डॉक्टरांनी त्याला धावायला बंदी केलेली. शरीराने लहान. तारासोवनेही पहिल्यांदा त्याला नापसंत करून उरलकडच्या एका छोट्या संघात धाडला, आणि चूक कळताच परत बोलावला. आमच्याकडच्या निवड चाचणीत हा मुलगा उंची मोजायच्या फितीखालीच बाद झाला असता.

आणि याच तारासोवने १९६४ साली 'सोनेरी चकती' नावाची मुलांची स्पर्धा सुरू करण्यात पुढाकार घेतला. मोहल्ल्या-मोहल्ल्यांतली, शाळा-शाळांतली साधी पोरे आपापले संघ काढून तीत उतरत. ही पोरे खेळून रात्री आपल्या घरी जेवायला जात, हे प्रशिक्षक महाशयांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

तारासोव काही संत नव्हता. खेळाडूंचा घाम काढण्यात तो कोणाला हार गेला नसता, आणि छावणीची चाल त्याच्याही काळात होतीच. मिजास अशी की १९६९ साली पंचांचा निर्णय पटला नाही म्हणून, खुद्द ब्रेझनेव्ह प्रेक्षकांत बसलेले असताना, त्याने संघ मैदानाबाहेर नेला. त्यापायी सन्मानाची पदवी काही काळ गमावली. पण फाटकाला कुलूप घालणे हीच विद्या, असे त्याने कधी मानले नाही.

ते मानणारा पुढे आला. व्हिक्टर तिखोनोव याने १९७७ साली सूत्रे घेतली आणि अकरा महिन्यांची छावणी खरी त्याची. तो जिंकला, हे नाकारण्यात अर्थ नाही; पदके पुष्कळ मिळवली. पण १९८० च्या २२ फेब्रुवारीला लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये याच कोंडलेल्या संघाला अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी ४-३ ने हरवले. जगातला अव्वल गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक. त्याने पुढे विनवणी केली की मला घरी राहू द्या, सामन्याच्या आधी येत जाईन. नकार मिळाला. १९८४ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तो खेळ सोडून बायकामुलांत निघून गेला. एका खेळाडूला मरणाच्या दारात असलेल्या बापाला भेटायला सोडले नाही, असे त्याच्या सोबत्यांनी मागाहून सांगितले. हे वाचले तेव्हा मला ते फाटक आठवले. १९८८ साली इगोर लारिओनोवने 'ओगोन्योक' साप्ताहिकात उघड पत्र लिहून सगळे वेशीवर टांगले. पुढच्याच वर्षी तो, फेतिसोव, माकारोव, क्रुतोव असे एकेक मोहरे परदेशी खेळायला गेले. तरुण मोगिल्नी तर स्टॉकहोमहून परस्पर पळाला. १९९५ साली डेट्रॉइटच्या संघात पाच रशियन एकत्र आले, तोच जुना चकती फिरवण्याचा खेळ खेळू लागले, आणि १९९७ मध्ये त्या संघाने स्टॅन्ली कप जिंकला. त्यासाठी त्यांना कोणी कोंडून ठेवले नव्हते.

हा वारसा आपल्याकडे पतियाळ्यावरून आला. १९६१ साली तेथे राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. रशियातले आणि पूर्व युरोपातले शिक्षक येऊन शिकवून गेले. आइस हॉकी नव्हे, पण तालमीची रीत तीच. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव हे त्याच मुशीतले. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर त्यांच्या हाताखाली फुलली. २०१६ साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली आणि दहावी आली. त्याच शिक्षकांकडे २०१८ साली बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे गेला. हा सियाचेनच्या बर्फात पहारा केलेला जवान, सोसण्यात कमी नव्हे. तरी ती तालीम त्याला मानवली नाही. दुखापत झाली. तो सैन्यातल्या आपल्या जुन्या शिक्षकांकडे, अमरीश कुमारांकडे, परतला आणि त्याच वर्षी ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२३ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले. स्नेसारेव २०२१ च्या मार्चमध्ये त्यालाच पुन्हा शिकवायला आले आणि पतियाळ्याच्या वसतिगृहातल्या खोलीत वारले. आपल्या घरापासून इतक्या दूर, दुसऱ्यांच्या पोरांसाठी झिजलेल्या त्या माणसाविषयी वावगा शब्द माझ्या लेखणीतून जाणार नाही. मला एवढेच दिसते की एकच तालीम एकीला मानवली आणि दुसऱ्याला नाही. आणि साबळे मोठा होता, जवान होता, म्हणून निघून येऊ शकला. तेरा वर्षांच्या मुलीने कोणत्या फाटकातून निघून यावे?

आता कोणी म्हणेल, मास्तर, शिस्तीशिवाय पदके येतात काय? येत नाहीत. पण शिस्तीच्या नावाखाली आपण रशियाकडून नेमके काय आणले ते पाहा. शिट्टी आणली, कुलूप आणले. शिक्षकाने रात्र-रात्र वाचावे, पोराच्या चालीकडे पाहून तालीम बदलावी, हे तिकडेच राहिले. गल्लोगल्ली पोरांनी खेळावे, हे तर सीमेवरच अडले. माझ्या शाळेत खेळाचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्याची वेळ. मैदान आहे, पण धानाचे भारे आले की तेही नाही. आणि पोरांत कस नाही असे मात्र कोणी म्हणू नये. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. त्यांनी बर्फही पाहिला आणि आमची मानही उंच केली.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे तंबू उभे राहू लागतील आणि शंकरपटाची बोलणी सुरू होतील. पटाचा बैल पाळणारा शेतकरी मी जवळून पाहिला आहे. तो त्या बैलाला नांगराला जुंपत नाही. पाय चोळतो, आपल्या ताटातले अगोदर त्याच्यापुढे ठेवतो. रात्री बैल घरच्याच गोठ्यात असतो आणि पाडव्याला घरची लक्ष्मी त्याला ओवाळते. गोठ्यापासून तोडला म्हणजे बैल जोराने धावेल, ही युक्ती अजून एकाही पटवाल्याला सुचलेली नाही.

यंदा त्याच शिबिराचे पत्रक पुन्हा आले आहे. माझ्या वर्गातून दोन नावे मागितली आहेत. एक मुलगा आणि एक मुलगी. दोघेही वाळूत चांगले धावतात. संमतीपत्रे आठ दिवस माझ्या टेबलावर पडून होती. काल मी त्यांवर लाल शाईने लिहिले की मुले भाऊबीज आटोपून येतील, आणि दर महिन्याला आईबापांनी येऊन भेटावे अशी सोय असेल तरच येतील. टपालात टाकून आलो. उत्तर अजून नाही.